हुसेनबीची भट्टी, बाणूबाईचे शेंगोळे

बाणूबाई आणि हुसेनबी भांडल्या नाहीत असा दिवस गावानं क्वचितच पाहिला होता. मुडबीची गाडीवाट जिथं ओढा ओलांडते तिथलं हे गाव. धनगर आळीच्या टोकाला बाणूबाईचं घर, आणि भिंतीला भिंत लावून हुसेनबीची पावाची भट्टी. बाणूबाईच्या शेळ्या भट्टीच्या सरपणाचा पाला ओरबाडायच्या. भट्टीची राख उडून बाणूबाईच्या दह्यात पडायची. मग दोघी आपापल्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. एक धनगरी मराठीत, दुसरी दखनीत. दोघींना दोन्ही भाषा येत होत्या, त्यामुळे एकही शिवी वाया जात नव्हती.

पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज गेलं आणि हे भांडण बंद पडलं. त्या आठवड्यात हुसेनबीचा नवरा नबीसाब घरातून गेला तो परत आला नाही. कोण घेऊन गेलं हे गावाला ठाऊक होतं, पण बोलत कोणीच नव्हतं. हुसेनबी हुमनाबादला भावाकडे जाऊन राहिली आणि सहा-सात महिन्यांनी, पाडवा उलटल्यावर, परत आली. भट्टीला तिनं हात लावला नाही. मागच्या अंगणात तीन दगड मांडून त्यावर स्वतःपुरतं रांधायची आणि दार ओढून बसायची. शेळ्या सरपणाच्या ढिगावर चढल्या तरी बाहेर येऊन ओरडायची नाही.

ही शांतता बाणूबाईला सोसेना. दोनदा तिनं मुद्दाम शेळ्या तिकडे हाकलल्या. तरीही काही नाही.

दुसरा पाडवा आठवड्यावर आला तेव्हा जगदेवप्पा भट्टीच्या समोर येऊन उभा राहिला. धान्याचा व्यापारी, गावच्या पंचांपैकी एक. खांद्यावर दोरी. दोरीचं एक टोक गड्याच्या हातात देऊन तो भिंत मोजू लागला. बाणूबाई दारात मेंढीचं दूध काढत होती. तिचा गुडघा धरला होता म्हणून ती ह्या वर्षी कळपामागं गेली नव्हती. नवरा मायाप्पा आणि लेक-सून दोनशे मेंढरं घेऊन अफजलपूरकडे, भीमेकाठच्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेले होते. व्यालेल्या चार मेंढ्या तेवढ्या मागं तिच्यापाशी ठेवल्या होत्या.

"अण्णा, काय मोजायलाव?" तिनं विचारलं.

"गोदाम बांधायचं हाय. भट्टीच्या दारावर मागल्या पाडव्याला फुली पडली. ह्या पाडव्याला दुसरी पडंल. मंग जागा गावकीची."

इथं रीत सांगितली पाहिजे. ह्या गावात पाडव्याच्या सकाळी पंच फेरी काढत. एकाच्या हातात चुन्याचं बुडकुलं. ज्या घरावर धूर दिसला नाही त्याच्या दारावर चुन्याची फुली. लागोपाठ दोन पाडवे फुली पडली की ती जागा गावकीची, आणि गावकी देईल त्याची. धूर आहे की नाही असा संशय आला तर पंच दारात थांबून घास मागत. त्या चुलीवर शिजलेला घास पंचाच्या तोंडात गेला की घर जितं धरायचं. कधी काळी पटकीनं माणसं मेली, घरं ओस पडली, तेव्हा कोणीतरी शहाण्यानं घातलेली ही रीत. पुढे शहाणे गेले, रीत राहिली, आणि ती जगदेवप्पासारख्यांच्या हाती लागली.

"ती बाई तर तितंच ऱ्हाती की," बाणूबाई म्हणाली. "मागल्या अंगणात रोज चूल पेटती तिची."

"तीन दगडं म्हंजे चूल न्हवं. ते वाटसरूचं असतंय. भट्टीच्या धुराडातनं धूर निघाला पायजे."

"आन आमच्या आळीतली घरं? दिवाळीपास्नं कुलपं हायत."

जगदेवप्पानं दोरी गुंडाळली. तो हसला. "धनगरास्नी सूट होती. निजामाच्या वक्ताला होती. आता नवं राज आलंय, बाणूबाई. कायदा म्हंजे सगळ्यास्नी एकच. ह्या पाडव्याला भट्टी बघू, तुमच्या आळीचं फुडं बघू."

तो गेला. बाणूबाईच्या भांड्यात दुधाची धार थांबली होती. भट्टीनंतरचं पहिलं कुलूपबंद घर तिच्या लेकाचं होतं. चार वर्षांपूर्वी तिनं स्वतः माती तुडवून त्याच्या भिंती उभ्या केल्या होत्या. त्याच्यापुढे दिराचं, मग चुलत सासऱ्यांच्या पोरांची. भट्टीच्या जागी गोदाम झालं की दोरी पुढे सरकणार, हे समजायला शाळेत जावं लागत नाही.

कुणी म्हणेल, मग त्या कुलूपबंद घरांत तिनंच जाऊन चूल का पेटवली नाही? किल्ल्या तर तिच्याच कमरेला होत्या. पण धनगराची बाई कळपामागं निघते तेव्हा चुलीतला विस्तव दुधाचा हबका मारून विझवते आणि कुलूप घालते. ती परत येईपर्यंत त्या चुलीत दुसऱ्या कुणी काडी घालायची नाही. घातली तर रानात कळपावर संकट येतं, असं मानतात. बाणूबाई मानत होती. दोनशे मेंढरं आणि नवरा-लेक भीमेकाठी असताना ती हे न मानण्याचं धाडस करणार नव्हती. जे वाचवायचं ते भट्टीवरच वाचवायला हवं होतं.

ती लंगडत हुसेनबीच्या अंगणात गेली.

"भाबी, भट्टी पेटवायची हाय."

हुसेनबी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "किस के वास्ते? मैदा नै, गिराक नै. मेरे हात का पाव कौन खाता?"

"पाव न्हाई. शेंगोळे."

"शेंगोळे?" आता मात्र मान वर झाली. "भट्टी में शेंगोळे? पागल हुई क्या गे तू?"

"व्हय. पंचास्नी घास द्यायचाय. त्यांचंच खाणं त्यांच्या म्होरं ठिवलं तर न्हाई कसं म्हणतील बघू."

"जाने दे बाणू. जगदेवप्पा को जगा होना तो लेने दे. मैं हुमनाबाद को जाती."

"तू कुटं बी जा," बाणूबाई कडाडली. "भट्टी हितंच ऱ्हानार. तुला इचारतंय कोण? तुझी भट्टी गेली की माझ्या लेकाचं घर जातंय. मला तुझी दया यायली म्हणून आले न्हाई मी."

हुसेनबीला हे बोलणं दयेपेक्षा बरं वाटलं असावं. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि पत्र्याच्या मोठ्या तबकांवरची राख झटकायला लागली. ह्याच तबकांवर नबीसाब पाव लावायचा.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ओढ्यावर बायका धुणं धुताना ईरम्मानं टोचलंच. "बाणाक्का, रझाकारांनी तुमची मेंढरं कापून खाल्ली, इसरलीस व्हय? आन आता त्यांच्याच भट्टीला हातभार लावायलीस."

बाणूबाईनं घोंगडीचा पिळा दगडावर आपटला. "मेंढरं खाणारे लॉरीतनं आले हुते. हुसेनबी कदी लॉरीत बसली न्हाई. आन त्या लॉरीला गावची वाट दाखवायला म्होरं कोण पळत हुतं, ते बी ठावं हाय मला. नाव घिऊ?"

ईरम्मा आपलं धुणं उचलून पलीकडच्या दगडावर गेली.

पाडव्याच्या चार दिवस आधी बाणूबाईनं भट्टी पेटवून बघितली आणि तिथंच घात झाला. धनगराच्या बाईला आगीची एकच तऱ्हा माहीत, उघड्या रानातली. थंडीत लांडगा दूर राहावा म्हणून पेटवतात तसली. तिनं तुराट्यांचा भारा तोंडातून आत कोंबला आणि काडी लावली. आग ढणाणली. बाणूबाई खूश झाली. हुसेनबी घरातून धावत येईपर्यंत घुमटाच्या आतून, मडकं तडकावं तसा आवाज आला आणि माथ्यावर वीतभर लांब भेग उघडली. दीड वर्ष थंड पडलेली, पावसाळा प्यायलेली भट्टी ती. तिला इतक्या दिवसांनी एकदम एवढा जाळ कसा सोसावा?

"मार डाली ना!" हुसेनबी भट्टीच्या तोंडाशी बसली. "भट्टी को पैले दिन नुसता धूर देते. दुसरे दिन थोडी आग. बच्चे को दूध पिलाते वैसा. तेरे कू कौन बोला ढीग लगाने को?"

"सांगायचं हुतंस आदी."

"तू पूछी कब?"

त्या दोघी पुष्कळ महिन्यांनी पहिल्यांदा भांडल्या, आणि चांगल्या तासभर भांडल्या. ओढ्याकडून येणारे लोक थांबून ऐकत होते. भांडण संपल्यावर बाणूबाई घरात गेली आणि कातरणीची उरलेली लोकर घेऊन आली. मेंढराची लोकर आणि लेंड्या पांढऱ्या मातीत तुडवून त्या चिखलानं धनगर आपल्या कणगीच्या भेगा बुजवतात. तोच चिखल तिनं भेगेत दाबून बसवला. हुसेनबीनं वरून ओल्या हातानं सारवलं. मग हुसेनबीच्या पद्धतीनं, आधी लेंड्यांचा मंद धूर, दुसऱ्या दिवशी शेणी, तिसऱ्या दिवशी मूठभर तुराट्या. चिखल धरला. भट्टी गरम राहू लागली.

पाडव्याला प्रत्येक घरी पुरणाचा घाट. गूळ होता त्यांच्याकडे पुरण, नव्हता त्यांच्याकडे नुसता वास. ज्वारी सरकारच्या लेव्हीत गेलेली, गव्हाची तर बातच सोडा. बाणूबाईच्या घरी होते हुलगे. हुलगा म्हणजे बैलाचं खाणं असं ज्यांची पोटं भरलेली असतात ते म्हणतात. लेव्हीवाल्यांनीही हुलग्याकडे कधी बघितलं नव्हतं, म्हणून तर तो उरला होता. तिनं हुलगे भाजून जात्यावर दळले. त्यात उरलंसुरलं ज्वारीचं पीठ, चिकटपणापुरतं ओंजळभर गव्हाचं. लसूण, ओवा, लाल मिरची, मीठ. गरम पाण्यात कणीक घट्ट मळली. मग आळीत मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणी बोलावल्या. तळहातावर गोळी घ्यायची, दुसऱ्या तळव्यानं वळून लांब करायची, बोटाला गुंडाळून टोकं जुळवायची. परातीत शेंगोळ्यांचा ढीग वाढत गेला.

"एवढं कोण खाणार गं?" एका म्हातारीनं विचारलं.

"पंचांनी न्हाई खाल्लं तर गाव खाईल. गावानं न्हाई खाल्लं तर तू खाशील."

नव्या चिंचेच्या कोळात कांदा, लसूण, कारळाचं कूट घालून तिनं पातळ रस्सा उकळला. शेंगोळे त्यात अर्धेकच्चे शिजवले आणि रश्श्यासकट पत्र्याच्या तबकांवर पसरले. वर काय? पाव भाजताना वरून रंग यावा म्हणून नबीसाब दूध फिरवायचा, हे हुसेनबीनं सांगितलं. बाणूबाईनं दूध नाही, मेंढीच्या दह्याचा चक्का काढला. फडक्यात टांगलेला, खव्यासारखा घट्ट. तो सगळ्या तबकांवर बोटांनी थापला, वर तिखटाची चिमूट.

"आतां आंच ऐसी होना," हुसेनबी म्हणाली. तिनं भट्टीत हात घातला, काहीतरी मोजल्यासारखा आत ठेवला, मग काढला. निखारे काठीनं कडेला सारले आणि तबकं आत सरकवली. तोंडावर पत्र्याचं झाकण, झाकणाच्या फटींवर ओली माती.

आणि धुराडातून धूर निघाला. आधी पांढरा, मग करडा. वारा गावाकडे होता.

पंच आले तेव्हा ऊन बरंच वर चढलं होतं. पुढे जगदेवप्पा, हातात बुडकुलं. त्याच्या मागं नरहरराव मास्तर आणि सर्वात मागं काशाप्पा, बाणूबाईचा चुलत सासरा, कळपामागं जाण्याचं वय संपलेला धनगरांचा पंच. त्यांच्या मागं गाव, कारण वास गावभर गेला होता. लसूण-मिरची-हुलग्याचा खमंग वास, आणि त्यावर भाजलेल्या चक्क्याचा, ज्याला नाव नव्हतं कारण असं कुणी आजवर भाजलं नव्हतं.

बाणूबाईनं पदर डोक्यावर ओढला. भट्टीच्या तोंडावरची माती फोडली. झाकण बाजूला झालं आणि तबक बाहेर आलं. वरचा चक्का तांबूस, काठांवर काळपट, खालचा रस्सा अजून बुडबुडत होता. पोरं पुढे सरकली, त्यांच्या आयांनी त्यांना मागं ओढलं, आणि मग स्वतःच पुढे आल्या.

"धूर बगितला पंचांनी?" बाणूबाई म्हणाली. "आता घास घ्या."

"मी त्या भट्टीचं खाणार न्हाई," जगदेवप्पा म्हणाला.

"कामून? हुलगं माझं. चिंच माझी. दही माझ्या मेंढीचं. वळलंय आमच्या आळीनं."

"भट्टी कुणाची?"

"तिची. म्हणून तर फुली मारायला आलाव न्हवं? भट्टी तिची न्हाई असं म्हणत असाल तर फुली कशाची मारता?"

मागच्या बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. जगदेवप्पाचं तोंड आवळलं. त्यानं बुडकुल्यात बोट बुडवलं. "घास घेतला न्हाई म्हंजे घर जितं न्हाई. रीत ती रीत. एकाला एक आन दुसऱ्याला दुसरी असं चालत न्हाई. नवं राज हाय."

बाणूबाईनं तबक हुसेनबीच्या हातात दिलं. "बरं," ती म्हणाली. "सगळ्यास्नी एकच. मंग फेरी बाजारातनं सुरू करू. तुमच्या थोरल्या लेकासाठी बांधलेलं माडीचं घर हाय की, अण्णा. लेक गुलबर्ग्याला ऱ्हातोय. तिथल्या चुलीत कदी काडी पडली? दोन पाडवे झाले, का तीन? द्या ते बुडकुलं, म्या लंगडी हाय पर तितवर जाईन."

आणि तिनं हात पुढे केला. कुणी बाई पंचाच्या हातातल्या चुन्याला हात लावते असं त्या गावात कधी झालं नव्हतं. जगदेवप्पानं बुडकुलं मागं घेतलं आणि चुना त्याच्याच धोतरावर सांडला.

"ते येगळं हाय. लेक येणार हाय परत."

"आमची बी पोरं येणार हायत. नबीसाब तेवढा येणार न्हाई."

हे म्हटल्यावर पहिले बोलले ते नरहरराव मास्तर. धुरानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसत ते म्हणाले, "जगदेवप्पा, मी लसूण-कांदा खात नाही, हे गावाला माहीत आहे, तेव्हा घास घेणार नाही. पण धूर दिसतोय मला. आंधळा नाही मी."

"मास्तर, निस्त्या धुरानं..."

"मामा," बाणूबाई काशाप्पाकडे वळली. सासऱ्याशी एवढ्या चारचौघांत ती आजवर बोलली नव्हती. पदराआडूनच बोलली, पण आवाज पदराआड नव्हता. "तुमी खायचं न खायचं ते तुमी बगा. पर आज खाल्लं न्हाई तर फुडल्या पाडव्याला आळीत फिरताना बुडकुलं तुमच्या हाती देतील. सूट आपल्याला हाय का न्हाई, ते आजच हितं ठरतंय."

काशाप्पा म्हातारा आणि सावकाश. रझाकारांच्या वेळी त्याचेच सर्वात जास्त बकरे गेले होते. त्यानं हुसेनबीकडे पाहिलं. ती तापलेलं तबक धरून अजून उभी होती, कारण ते खाली ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"खाली ठिव, बये," काशाप्पा म्हणाला. "हात पोळतील."

तो मांडी घालून भट्टीच्या समोर जमिनीवर बसला. चार शेंगोळे चक्क्यासकट उचलले, फुंकर घातली, तोंडात टाकले. चावत राहिला. गाव बघत राहिलं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"मैं बोली थी," हुसेनबी पुटपुटली.

"चूल जिती हाय," काशाप्पानं बोटं चाटली. "आन सूट सगळ्यास्नी हाय. जो गावचा हाय, तो कुटं बी गेलेला असू, त्याला सूट. जगदेवप्पाच्या लेकाला बी. पटत नसंल तर बाजाराकडनं फेरी काढा, म्या येतो मागनं."

जगदेवप्पा माघारी गेला तो बाजाराच्या वाटेनं नव्हे, आपल्या दुकानाच्या. जाताना म्हणाला, "फुडल्या पाडव्याला बघू."

"या की," बाणूबाई म्हणाली. "येताना ताट घिऊन या, पत्र्यावर खाताना कमीपणा वाटत असंल तर."

मग तबकं रिकामी झाली. पुरणपोळ्या करून आलेल्या बायकांनीही द्रोण पुढे केले. ईरम्मानं दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा पोरासाठी म्हणून घेतलं.

पण गाव काही एका सकाळीत बदलत नाही. जगदेवप्पाच्या दुकानातून बाणूबाईला मीठ मिळेनासं झालं. दोन घरांनी तिचं दही बंद केलं. बाणूबाईनं मीठ मुडबीहून आणलं आणि त्या दोन घरांसमोरून जाताना दह्याचं मडकं मुद्दाम उघडं ठेवून गेली. बाजारच्या दिवशी पुन्हा शेंगोळे करायचे आणि गाडीवाटेवर सुरू झालेल्या रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना द्यायचे, असं तिनं स्वतःशीच ठरवलं होतं. भट्टी एका दिवसाच्या धुरानं वाचत नाही, हे तिला कळत होतं.

बाजारच्या सकाळी ती लेंड्यांची पाटी डोक्यावर घेऊन आली तर धुराडातून आधीच धूर निघत होता. बारीक, संथ, पहिल्या दिवशी भट्टीला द्यावा तसा. नबीसाब बसायचा त्या दगडी ओट्यावर हुसेनबी बसली होती. मांडीत लोखंडी सळई, कपाळावर राख.

"सरक," बाणूबाई म्हणाली. "आग म्या घालते."

"नक्को."

"कामून?"

"तू एक बार फोड चुकी." हुसेनबीनं सळईनं निखारा पुढे ओढला. "ये मेरी भट्टी है, बाणू. तू जाके आटा मळ. और नमक जरा ज्यादा डाल."

बाणूबाईनं पाटी खाली आदळली, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पीठ मळायला गेली.